वहिनीने थांबवलेली होडी

वहिनी गेल्याचं मला कुणी येऊन सांगावं लागलं नाही. मी तिथेच होते, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तरी महिन्यानंतर परवा भाट्याची खाडी ओलांडायला होडीत बसले, आणि होडीवाल्या राघो तांडेलाने सवयीने विचारलं, "म्हायेरी चाललीस काय गो बाय?" तेव्हा ती गेल्याचं मला नव्याने कळलं. पलीकडचा काठ येईपर्यंत दोघंही पाण्याकडे बघत राहिलो...

दादाशी लग्न होऊन वहिनी सावर्ड्याहून आली तेव्हा समुद्र तिने पहिल्यांदा आमच्याच अंगणातून पाहिला. घाबरट होती, आणि कानाची फार हलकी. कुणी काही सांगावं आणि हिने ते खरं धरावं. शेजारच्या काकूंनी एकदा तिच्या मनात भरवलं, की नणंद तुझ्या माहेराला नावं ठेवते. झालं! आठवडाभर माझ्याशी अबोला. मी वाढलं तर जेवायची नाही. शेवटी परसात मीच तिला गाठलं. काकूंनी दुसऱ्याच कुणाचं बोलणं माझ्या नावावर खपवलं होतं. ती रडली, मीही रडले. डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, इतके दिवस मी उगाच जळत राहिले गो. एकदा विचारलं असतं तुम्हाला, तर काय बिघडलं असतं?"

ते तिला जे लागलं ते कायमचं. पुढे कुणी काही सांगत आलं, की हातातलं काम न थांबवता ती विचारायची, "तुम्ही स्वतः पाह्यलंत, की ऐकलंत?" आईलाही तिने सोडलं नाही. आईला आधी राग यायचा. नंतर नंतर मात्र आईच म्हणू लागली, "सुनेला विचारा माझ्या."

एका उन्हाळ्यात वाडीत बोभाटा झाला, की मासे विकणाऱ्या जनाच्या पोराला पटकी झाली. जनाला विहिरीवर येऊ द्यायचं नाही असं बाप्यांनी ठरवलं, आणि त्यांत आमचा तापट दादा सगळ्यांत पुढे. वहिनीने नेहमीचा प्रश्न विचारला. पाहिलं कुणीच नव्हतं. मग पदर खोचून ती एकटीच जनाच्या अंगणात गेली आणि लांब उभी राहून पोराने काय खाल्लं ते विचारून आली. पोराने पोटभर कच्च्या कैऱ्या खाल्ल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते पुळणीवर धावत होतं. दादा ओशाळून म्हणाला, "तुला एवढा विश्वास होता जनाबद्दल?" तर म्हणाली, "विश्वास कसला? खरीच पटकी असती तर विहिरीचा दोर मीच काढून ठेवला असता." आणि तरीही त्या दिवसापासून आमच्या घरात पाणी उकळायला लावलं ते लावलंच.

अशी ती. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिला दिवस राहिले. बाळंतपणाला मी जाऊन राहिले. आषाढातले दिवस, वारा थांबायचं नाव नाही. कळा सुरू झाल्या, आणि सुईण दादाला बाजूला घेऊन म्हणाली, "मूल पायाळू आहे, अडलंय. खाडीपलीकडे रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात न्या." दादा धावत जाऊन राघोला आणि त्याच्या तिघा वल्हेकऱ्यांना घेऊन आला. चौघंही भिजलेले, दारात उभे.

वहिनीने राघोला आत बोलावलं. कळ ओसरू दिली आणि म्हणाली, "राघोदादा, माझ्याकडे बघून नको, पाण्याकडे बघून सांगा. होडी पोचेल?"

"बाय, तू म्हणशील तर घालतो होडी."

"मी ते नाही विचारलं."

राघोने मान खाली घातली. "नाय पोचायची."

"मग नको. वारा पडेपर्यंत थांबू."

दादा ओरडला, हातापाया पडला. तिने त्याचा हात धरला. "होडी उलटली तर मी वाचणार आहे का? पोर वाचणार आहे? इथे निदान सुईण आहे. आणि या चौघांच्या घरी बायका नाहीत का हो?"

वारा पडला नाही. दिवेलागणीला मुलगी झाली, आणि वहिनीचं रक्त काही केल्या थांबेना. "रडली का गो?" एवढंच तिने विचारलं. रडली, म्हटलं. ते तिने ऐकलं की नाही, मला अजून ठाऊक नाही.

सकाळी खाडी अशी निवांत होती, की दादा काठावर जाऊन तिच्याकडे बघत बसला. राघोला त्याने विचारलं, "काल गेलो असतो तर?" राघो म्हणाला, "नाय रं बाबा ठावं." लोक मात्र आता ठावं असल्यासारखं बोलतात. जायला हवं होतं, म्हणतात. मी रोज तो प्रसंग मनात उलटापालटा करून पाहते. दरवेळी तिचंच बरोबर होतं असं वाटतं, आणि दरवेळी वाटतं, एकदा तरी ती चुकायला हवी होती, एकदा तरी तिने नुसता हट्ट करायला हवा होता...

पोरगी गोरी आहे, हाताची मूठ घट्ट धरते. तिचं नाव अजून ठेवलेलं नाही. परवा आईने बारशाचं काढलं. कुणी गंगा म्हणालं, कुणी आजीचं नाव सुचवलं. दादा सगळं ऐकत होता. मग सवयीने त्याने, वहिनी उभी असायची त्या माजघराच्या दाराकडे मान वळवली, तशीच वळलेली ठेवली, आणि आम्ही सगळेच त्या दाराकडे बघत राहिलो.