आंतोनकाकांचा नंबर

निघायच्या दिवशी आगाशीच्या आमच्या वाडीत टॅक्सी उभी होती, आई सुकेळ्यांचे पुडे बॅगेत कोंबत होती आणि मी आप्पांच्या टेबलावरून ‘अंक’ चोरत होते. हो, सरळ सांगते, चोरलाच! टोरांटोला आप्पांचं अक्षर सोबत हवं होतं. आई म्हणत होती, “पोचल्या पोचल्या पत्र टाक गं बाई.” आप्पा बॅगा टॅक्सीत चढवत होते.

तुमच्यातल्या नव्या पोरांना सांगायला हवं. अंक म्हणजे हस्तलिखित मासिक. स्वातंत्र्यानंतरच्या उमेदीत चार मित्रांनी सुरू केलेलं. केळी लावणारे आप्पा, शाळामास्तर आंतोनकाका आणि गावातले आणखी दोघे. प्रत एकच. ती चौघांच्या घरी फिरायची, वाचून प्रत्येकाने शेवटच्या पानावर शेरा मारून सही करायची आणि चौथी सही झाल्याशिवाय पुढच्या अंकाला हात लावायचा नाही. कवितेतल्या एका शब्दावरून दोन-दोन दिवस अबोला धरायचे, आणि रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आंतोनकाका आले की परत चहा.

टोरांटोत बेसमेंटमधल्या खोलीत, ओव्हरटाइम करून आल्यावर मी तो अंक वाचायची आणि ढसाढसा रडायची. आप्पांच्या पत्रांत नव्या अंकाचं नाव नसे. मला वाटलं, लेक गेली म्हणून बाबाने लेखणी ठेवली. काय हा माझा तोरा! पुढे आप्पा गेले, मग गावातले ते दोघेही गेले.

गेल्या हिवाळ्यात नव्वदी ओलांडलेले आंतोनकाका नातीच्या फोनवर व्हिडिओ कॉलला आले. म्हणाले, “बेबी, तो अंक तुझ्याकडेच ना? माझा नंबर राहिलाय.”

मी कपाट उघडलं. शेवटच्या पानावर तीन सह्या, चौथी जागा कोरी. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होती, पण कधी अक्कल आली नाही.

“आप्पांनी परत का नाही मागितला?”

“लेकीकडे मागायला त्याची जीभ रेटेना. आणि न वाचता सही करायला माझा हात रेटेना.”

दोन हट्टी म्हातारे! रविवारचा चहा शेवटपर्यंत चालू, अंक मात्र माझ्यापायी बंद. मी तिकीट काढलं. विमानात एकच धास्ती होती, काका तोवर थांबले पाहिजेत.

थांबले! भिंग घेऊन सकाळी बसले ते जेवायलाही उठले नाहीत. मग शेरा लिहिला: ‘मजकूर उत्तम. पोस्टखातं मंद.’ खाली सही. मी रडता रडता खो खो हसले. काका म्हणाले, “आता बसतेस काय? कागद आण.”

महिन्याभरात नवा अंक तयार! जवळच्याच चंदनसारच्या सोसायटीतल्या एका बाईंनी कथा दिली, तुळिंजच्या टेलरने अर्ध्या हिंदीत कविता दिली, मी एक लेख दिला आणि काकांनी सगळ्यांच्या चुका काढल्या. वाडीत वाचन झालं तेव्हा बसायला सतरंज्या पुरल्या नाहीत. आप्पा, बघताय ना!

सह्यांच्या पानावर माझं नाव शेवटी घातलंय. मी म्हटलं, “काका, मी परत जाणार, मला वगळा.” ते म्हणाले, “घेऊन जा. फक्त या वेळी सांगून ने.”

माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, घर कुठलं, असं मला टोरांटोत सगळे विचारतात. आता उत्तर आहे. जिथले लोक माझी सही झाल्याशिवाय पुढचं पान लिहीत नाहीत, ते माझं घर.