नाटकातली काठी

जरा जवळ सरका बघू. आणि हसू नका. जाहिरात लागली की पाणी प्यायला उठता आणि वाटतं, आपण सुटलो! कुठले सुटताय? जाहिरात मालिकेच्या आतच मांडी घालून बसलेली असते. हे मला शिकवलं आमच्या समोरच्या वहिनींनी. माणसाच्या मनात वस्तू कशी शिरते, हे अख्ख्या बडोद्यात त्यांच्याइतकं कुणाला कळत नसेल.

गोत्रीतल्या आमच्या सोसायटीत मालिकेतली सून रडली की सगळ्या बायका रडतात. वहिनी तेवढ्या तिच्या मागचा ओटा बघतात. "तेलाच्या डब्याचं तोंड कॅमेऱ्याकडे. पैसे घेतलेत." सासऱ्याच्या छातीत कळ आली, आम्ही डोळ्यांना पदर लावले, तर या म्हणतात, "हा मरत नाही. याच्या हातात नव्या चहाचा कप आहे. मरणाऱ्याच्या हातात आपला चहा कोण देईल?" आणि खरंच नाही हो मेला! एवढं कळूनही यांच्या ओट्यावर तोच तेलाचा डबा. विचारलं तर म्हणाल्या, "डास दिसला म्हणून चावायचा राहतो का?"

त्यांचे यजमान, आमचे भाऊ, बाजव्याच्या रिफायनरीतून रिटायर झालेले. मध्यंतरी बाथरूमपाशी पडले, मग जिन्यात पडले. डॉक्टर म्हणाले, काठी घ्या. भाऊ म्हणाले, "काठी म्हाताऱ्यांना." आता काय बोलणार! वहिनींचा दंड धरून बागेत जायचे. वहिनींचे गुडघे आधीच कुरकुरणारे. एका संध्याकाळी दोघं मिळूनच कलंडले. तेव्हापासून बाग बंद. भाऊ खिडकीशी बसून राहायला लागले, जेवण कमी, बोलणं त्याहून कमी. वहिनी मला म्हणाल्या, "असे बसून बसून हे संपतील गं." त्या दिवशी त्यांनी टीव्हीसुद्धा लावला नाही.

गणपतीत आमच्याकडे नाटक असतं, आणि ते वहिनीच बसवतात. या खेपेला नायकाच्या बापाचं काम त्यांनी सोसायटीतल्या सगळ्यात रुबाबदार माणसाला दिलं आणि त्याच्या हातात काठी दिली. निजामपुऱ्यातला दुकानदार काठी फुकट द्यायला तयार, पण म्हणाला, "बेन, स्टेज पर मोटुं बॅनर जोईशे!"

"मोठं बॅनर नकोच," वहिनी म्हणाल्या. "बॅनर दिसलं की माणूस खिसा सांभाळतो, भाई. नाव कुणी घ्यायचं नाही. नुसती दिसू दे."

लिहिणाऱ्याने काठीच्या कौतुकाचं एक वाक्य घातलं होतं, तेही कापलं. मग तो बाप काय करायचा? काठीच्या टोकाने पडदा सरकवून सुनेला आत बोलवायचा. काठी मनगटावर अडकवून चहा ओतायचा. भांडणात सगळे ओरडत असताना तिच्यावर रेलून नुसता हसायचा. बाया-बापड्या खुळावल्या! भाऊ पहिल्या रांगेत. मी नाटक सोडून त्यांनाच बघत होते.

घरी वहिनींनी चकार शब्द काढला नाही. विसर्जन झालं, मी त्यांच्याकडे चहाला बसले होते, तर खिडकीकडून आवाज आला, "अगं, तसल्या काठ्या कुठं मिळतात?"

"कसल्या काठ्या?" वहिनी चहा गाळत म्हणाल्या. मान वर केली नाही. माझ्या अंगावर काटा आला हो! डॉक्टर हरले, मुलगा फोनवरून ओरडून हरला, आणि या बाईने न बोलता काठी विकली.

आता भाऊ रोज बागेत जातात. काठी मनगटावर अडकवून लोकांशी गप्पा मारतात, म्हणतात, "आधार नाही हो, स्टाईल आहे." सोसायटीतल्या धडधाकट माणसांनीही काठ्या आणल्या. दुकानदार खूश.

वहिनी बाकावर बसून असतात. भाऊ एकटेच पुढे निघून जातात, वळून बघत नाहीत. परवा त्या आपला दंड चोळत म्हणाल्या, "हलकं हलकं वाटतं गं इथे." आणि मग कितीतरी वेळ तो तसाच धरून बसल्या.

तुम्ही या हो लवकर आमच्या बागेत. संध्याकाळीच या. मी असतेच त्यांच्याजवळ, पण त्या बाकावर अजून एक माणूस मावतं.