अक्रोडांची फळी

एर्लांगेनहून हेर्त्सोगेनआउराखला कामावर जाताना बसमध्ये सत्तरीच्या एक जर्मन आजी शेजारी बसल्या. माझ्या अंगात अमेरिकेतल्या माझ्या कॉलेजचा स्वेटशर्ट होता. तो बघून त्यांनी थेट विचारलं, "तुम्हाला तिकडचा फुटबॉल कळतो? तो चेंडू हातात घेऊन पळायचा?"

त्यांचा नातू तिकडे कॉलेजच्या संघात होता. त्याचा प्रत्येक सामना आजी कॉम्प्युटरवर बघत, पण कळत काहीच नसे. "फोनवर त्याच्याशी बोलू काय? दरवेळी जेवलास का, एवढंच विचारते."

मग त्यांनी पिशवीतले अक्रोड काढून मांडीवर ओळीत मांडले. प्रत्येकाला बोटाने हलकेच दाबत म्हणाल्या, "हा मधला चेंडू मागे देतो. त्याच्या शेजारचा हा माझा. याला कधीच कुणी पास का देत नाही?"

"नियमच आहे तसा. पुढच्या फळीतल्या या पाच जणांनी समोरच्यांना अडवायचं. म्हणजे मागच्याला चेंडू फेकायला वेळ मिळतो."

तेवढ्यात बसने ब्रेक मारला आणि अख्खी फळी सीटखाली गेली. आम्ही दोघं हसत, वाकून अक्रोड गोळा करू लागलो.

"म्हणजे तो चांगला खेळला तरी कुणाला दिसत नाही?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो. मला वाटलं, आजी हिरमुसतील. पण त्यांचा चेहरा खुलला.

"मग बरंय. चेंडू बघायला बाकीचे आहेत. मी त्यालाच बघेन. आणि फोनवर विचारेन, आज कुणाला अडवलंस?"

इतकी वर्षं हा खेळ बघताना मी मात्र चेंडूच बघत आलो होतो.

आजी पुढच्या स्टॉपला उतरल्या. फुटपाथवर चालतानाही त्यांचे ओठ हलत होते. बहुतेक तोच प्रश्न घोकत असाव्यात.