पत्ता न जुळलेले संदेश

देवबागला माझ्या शेजारच्या पडवीत तो रोज लॅपटॉप घेऊन बसतो. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आत येणारा कुठला संदेश कुणाकडे वळवायचा, याचे नियम तो लिहितो. ऑर्डर गोदामाकडे, तक्रार आणखी कुठे. लिहिता लिहिता त्याचं बोट हवेत थांबतं आणि तो खाडीकडे बघत राहतो, जणू भरतीचं पाणी कुठून आत शिरतंय ते बघतोय. मी चहा नेला की मान न वळवता म्हणतो, "बस रे."

परवा स्पीकरवर त्याचे साहेब विचारत होते, "ज्यांचा पत्ता कुठल्याच नियमात बसत नाही, ते टाकून द्यायचे ना?"

तो ऑफिसच्या मराठीत म्हणाला, "नको सर. माझ्याकडे वळवा, मी बघतो."

मला हा वेडेपणाच वाटला. "इतके खंय ठेवतलंस?"

"ऱ्हवतले हयच. कोणाचे तरी आसतले ना."

तेवढ्यात पलीकडच्या अंगणातून म्हातारीने हाक मारली, "वसंता! ए वसंता!" वसंत तिचा एकुलता एक मुलगा. होडी घेऊन गेला, तो परत आलाच नाही.

त्याने लॅपटॉप मिटला आणि चपलाही न घालता उठला.

"इलंय गो आये!"