जाळीवरची माशी

ऑगस्ट १९९६, सोमवार. रेशमाच्या अळ्यांना तुतीचा पाला टाकताना शेडच्या जाळीवर मोठी माशी सापडली. मारून काडेपेटीत ठेवली. अळ्या कोष करायच्या बेतात होत्या. माशी उझी जातीची निघाली तर तिनं त्यांच्या अंगावर अंडी घातली असणार, त्यातले किडे अळ्यांना आतून खाणार आणि बॅच गेली.

दुपारी रेशीम खात्याचे बारामतीचे साहेब आले. आम्ही त्यांना तुतीवाले म्हणतो. चपला दारात दोनदा झटकतात, लागण झालेल्या शेडमधून अंघोळ केल्याशिवाय दुसऱ्या शेडमध्ये जात नाहीत, भिंग सदऱ्याला पुसतात आणि वाईट बातमी सरळ कधी सांगत नाहीत. पाठीवर तीन पट्टे असले तर साधी माशी, चार असले तर उझी, हे त्यांनीच शिकवलेलं.

"किती हायेत?" मी विचारलं.

"बघतोय की, ताई."

त्यांनी माशी काडीनं वळवली, उजेडात नेली, पुन्हा मोजली. मी चहा टाकला.

"चहा नको. घरी जाऊन अंघोळ करतो. बाकीच्या शेड उद्या."

मी स्टो बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळे डाग पडलेल्या अळ्या वेचून जाळल्या. मग शेजारणीच्या शेडकडे न जाता बांधावरूनच ओरडले, "जाळी नीट बांध गं, माझ्याकडं उझी आलीया!"