पाठकोऱ्या पत्रिकांवरचं 'आस्ता'

धुळ्याच्या कॉलेजात नानासर आम्हाला भाषाशास्त्र शिकवत. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर 'आस्ता' लिहिलं. "स्पॅनिशमध्ये याचा अर्थ 'पर्यंत'. मूळ अरबी 'हत्ता'. मग मधला 'स' कुठून आला?" आम्ही वह्यांत पाहू लागलो. "मलाही माहीत नाही," सर म्हणाले. असं सांगणारे शिक्षक मी प्रथमच पाहत होते.

त्याच वर्षी माझे वडील वारले आणि मी शिक्षण सोडलं. सर बसने माझ्या गावी, रावेरला आले, आईशी तासभर बोलले आणि मला परत घेऊन गेले.

पुढची वीस-पंचवीस वर्षं सर तो 'स' शोधत राहिले. जुन्या स्पॅनिश मजकुरातलं एकेक वाक्य लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर उतरवायचं आणि 'अद्ता', 'फाता', 'फास्ता' अशा जुन्या रूपांखाली रेघ मारायची. सरांच्या पत्नी, आमच्या अक्का, अहिराणीत म्हणत, "यासले घरनी भाषा कमी पडनी, म्हनीसन परदेशनी लई उनात!" परदेशातून भाषा घेऊन आल्याच्या या टोमण्यावर सर मनापासून हसत.

चार वर्षांपूर्वी सरांची दृष्टी गेली. घराला रंग द्यायचा म्हणून पत्रिका हलवायला मी गेले आणि न विचारता सगळ्या वर्णानुक्रमे लावून टाकल्या. "बठ्ठं व्हई गयं का?" अक्कांनी विचारलं. सगळं झालं, असं मी अभिमानाने सांगितलं.

सरांनी एक पत्रिका वाचायला सांगितली. मग म्हणाले, "आता हिच्या आधीची."

पत्रिकांवर वाक्यांचा काळ लिहिलेलाच नव्हता. त्या ज्या क्रमाने रचल्या होत्या, तोच त्यांचा काळ होता. "कष्ट घेतलेस. चहा घे," सर एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून दर रविवारी मी वाचते आणि सर आठवून जागा सांगतात. आधी एका बैठकीत वीसेक पत्रिका जागेवर लागत. आता दोन, कधी एकही नाही. उत्तर जवळ आलं होतं का, असं एकदा विचारलं. "आलं असावं," सर म्हणाले.

अशा गौरवग्रंथात गुरूंच्या कार्याची थोरवी लिहायची असते. ते कार्य माझ्या हातून विस्कटलं, हे लपवून मला ती लिहिता येत नाही. पंचाहत्तरीनिमित्त सरांना निरामय, उदंड आयुष्य मागताना त्यात माया किती आणि अपराधाची भीती किती, हेही मला सांगता येत नाही. गेल्या रविवारी मी गठ्ठा सोडू लागले, तर सर म्हणाले, "आज राहू दे. नुसती बस." तसं नुसतं बसायला आम्हाला पुष्कळ रविवार मिळोत.