कलामावशींचं पुस्तक

मेल इंग्रजीत होता आणि कलामावशी समोरच बसल्या होत्या. पुस्तक ‘लागलं’ की नाही हे बघायला त्या मुरबाडच्या पलीकडून एसटीने आल्या होत्या. मी मेल दोनदा वाचला. पुस्तक अडकलं होतं.

शहापूरला माझं डीटीपीचं दुकान आहे. डीटीपी म्हणजे टायपिंग आणि पानं लावणं. पूर्वी लग्नपत्रिकांवर दुकान चालायचं, आता पत्रिका लोक मोबाइलवरच करतात. म्हणून मी ऑनलाइन पुस्तकांचं काम शिकले. लेखकाच्या नावाने साइटवर अकाउंट उघडायचं, फाइल आणि कव्हर चढवायचं, की पुस्तक विक्रीला लागतं. प्रकाशकाच्या दारात उभं राहायला नको, कुणी ‘हे कोण वाचणार’ म्हणत नाही. आटगावच्या एका गुरुजींचं भाताच्या रोगांवरचं पुस्तक असंच लावून दिलं, तर परभणीहून त्यांना फोन आला. गुरुजी आठवडाभर हवेत होते.

मावशींचं पुस्तक गाण्यांचं. बारसं, हळद, जयंती, सगळ्याला बायका म्हणतात ती गाणी. त्यांनी ती शेतात आणि वीटभट्टीवर रचली आणि तोंडपाठ ठेवली. पुतणीच्या लग्नात लाउडस्पीकरवर त्यांचंच गाणं लागलं आणि निवेदक म्हणाला, पारंपरिक गीत. मावशी पुढे जाऊन म्हणाल्या, “माजं हाय ते.” मांडवात हशा पिकला. त्याच आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या.

“माजं नाव पायजे वर,” एवढीच त्यांची अट होती. त्या म्हणून दाखवायच्या, मी टाइप करायचे. काम संपवायची घाई मला कधी झाली नाही, इतकी ती गाणी चांगली होती.

“काय लिवलंय गो?” मावशींनी विचारलं.

“ते म्हणतात, ही गाणी नेटवर आधीच फुकट आहेत. तुमची असतील तर पुरावा द्या.”

“माजी नाय तर कोनाची?”

नेटवर शोधलं तर खरंच होती. गायन पार्ट्यांचे व्हिडिओ, कुणीकुणी टाइप करून टाकलेले शब्द, आणि सगळीकडे खाली लिहिलेलं, पारंपरिक. मी साइटला लिहिलं की रचणारी बाई माझ्यासमोर जिवंत बसली आहे. उत्तर आलं ते आधीच्याच मेलची नक्कल. साइटवर माणूस नसतो, त्यामुळे भांडताही येत नाही. मला भयंकर राग आला होता आणि तो काढायला जागा नव्हती.

मग वकिलाकडून प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून घेतला. मावशींच्या गावातल्या बायकांनी साक्षीदार म्हणून सह्या करायच्या की ही गाणी कलाबाईंचीच. रविवारी सापगाववरून मुरबाडकडे स्कूटी घातली. बुद्धवंदना आटोपून बायका विहाराच्या ओट्यावर बसल्या होत्या, मावशीही त्यांच्यात होत्या. मी मजकूर वाचून दाखवला आणि पेन जनाबाईंपुढे धरलं. जनाबाई मावशींची शेजारीण. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही.

जनाबाईंनी पेन घेतलं नाही.

“बाय, खोटी सही मी कशी करू? पाळन्याचं गानं मला माज्या सासूनं शिकवलं.”

“पण त्यात शेवटी मावशींचं नाव येतं ना? कला म्हने बाळा, शिकून हो मोठा.”

“मी म्हनते तवा जना म्हने बाळा. सासू म्हनायची तवा तिचं नाव. जी म्हनते तिचं नाव घालायचं, आमची रीतच हाय ती.”

“आणि तुमच्या सासूला कुणी शिकवलं?”

“ते काय माहीत? गानं कोन बनवतं काय? ते असतंच.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मला तिथेच कळत होतं. कुणीतरी चहा आणला. मावशींनी तो सगळ्यांना ओतून दिला.

स्कूटीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, “जनाच्या सासूला मीच शिकवलं. भट्टीवर आमी जोडीनं विटा वाहायचो. पन ती गेली. आता कोनाला विचारू?”

“मग तिथे बोलला का नाहीत?”

“जना खोटं बोलली नाय. तिला माहीत तेवडं ती बोलली. चारचौघींत तिला खोटी पाडू काय?”

आता दोनच वाटा होत्या. पुस्तक मागे घ्यायचं, नाहीतर नेटवर सापडणारी गाणी काढून बाकीची लावायची. तशीच फाइल पुन्हा चढवली तर अकाउंटच बंद होणार होतं. मी मावशींना तसं सांगितलं.

“काड,” त्या म्हणाल्या. “नाव तर राहील.”

मी एकेका गाण्याची पहिली ओळ नेटवर टाकून बघायला लागले. सापडली की गाणं काढायचं. पाळणा गेला. हळदीचं गेलं. जयंतीच्या मिरवणुकीचं गेलं, जे आमच्या शहापूरलाही वाजतं. जे जे बायकांच्या तोंडी बसलं होतं ते सगळं गेलं. राहिली ती कुणी कधी न म्हटलेली. त्यात एक मावशींची मुलगी तापाने गेली तेव्हाचं होतं. ते कुठल्या समारंभात म्हणणार? ते टाइप करतानाच मी रडले होते, आता पुस्तकात ते पहिलं आलं.

या वेळी साइटने काहीच विचारलं नाही. पुस्तक लागलं.

मावशी बघायला आल्या. कव्हरवरचं नाव त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि हसल्या. मग मला पानं सरकवायला लावली.

“पाळन्याचं कुठं हाय?”

“ते काढलं ना, मावशी.”

“हां,” त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून एसटीला गेल्या.

ऑनलाइन पुस्तक काढणं सोपं आहे, हे मी आजही गिऱ्हाइकांना सांगते आणि ते खरंही आहे. फक्त कुणी गाणी घेऊन आलं की टाइप करायच्या आधी विचारते, लोक ही म्हणतात का? माणूस खूश होऊन हो म्हणतो. मग त्याला सांगावं लागतं की तेवढी सोडून बाकीची आणा.